खांबापाशी कोणी नव्हतं

सहावा थांबा मागे पडला तेव्हा डेनीसने विचारलं, "मिस व्हर्नीस, अजून किती?"

"दमलीस? एकूण तेवीस आहेत. मी दिवसाला सात फेऱ्या मारायचे."

"तुम्ही बसून मारायचात."

व्हर्नीस टॉलिव्हर हसली नाही. पोरगी बोलायला चटपटीत होती, आणि चटपटीत माणसापासून चार हात लांब राहावं हे ती एकतीस वर्षं बस चालवून शिकली होती. शिवाय या पोरीच्या तोंडात दोन हाका होत्या. रस्त्यावर 'मिस व्हर्नीस', संस्थेच्या कचेरीत नुसतंच 'व्हर्नीस'. कचेरीत लहानमोठं कोणी नाही, सगळे सारखे, म्हणून सगळ्यांना नावानेच हाक मारायची, असा तिथला नियम. नियम चांगल्या मनाने केला असेलही. पण व्हर्नीसची आई सरोवराकाठच्या बंगल्यांत फरश्या पुसायची, आणि त्या घरांतली आठ वर्षांची गोरी पोरं तिला 'लूला' म्हणायची. पन्नाशीची बाई, अमेरिकेच्या दक्षिणेतून, अर्कान्सासहून चार लेकरं घेऊन आलेली, आणि म्हणे लूला! तेव्हापासून व्हर्नीसच्या घराला नुसत्या नावाची हाक कानफटात मारल्यासारखी लागते. डेनीसही काळीच, आजीने वाढवलेली. तिला हे ठाऊक नसेल असं कसं म्हणायचं? ठाऊक असून जी कचेरीत वेगळी बोलते, ती कागदावर काय लिहील?

बासष्टाव्या वर्षी व्हर्नीस इंटर्न झाली होती. चर्चच्या फळ्यावर चिठ्ठी लागलेली: सरकारी धोरणं आणि काळ्या वस्त्यांना मिळणारा न्याय यांवर काम करणाऱ्या संस्थेत उमेदवारी, वयाची अट नाही. मुलाखतीला तिघं बसलेले, मधे द्राक्षांची वाटी. म्हणाले, आम्हाला जगलेला अनुभव हवा आहे. "न जगलेला कुठे मिळतो?" असं तिने विचारलं, तर तिघंही हसले आणि एकाने ते लिहूनसुद्धा घेतलं. घरी येऊन ती लेकीला म्हणाली, "मला का घेतलं ते कळत नाही. फुकटची द्राक्षं कोणी चारत नाही."

ते कळायला तीन महिने लागले. अठ्ठावीस नंबरची, म्हणजे व्हर्नीसचीच जुनी बस वेगात जावी म्हणून पालिकेला काही थांबे उठवायचे होते. त्यात काळ्या वस्तीवर अन्याय होत नाही ना, हे तपासून अहवाल देण्याचं काम संस्थेकडे आलं. अहवाल डेनीस लिहीत होती. गेल्या आठवड्यात मसुदा व्हर्नीसच्या टेबलावर आला. पहिल्याच पानावर तिचं नाव: व्हर्नीस टॉलिव्हर, वस्तीची प्रतिनिधी. आणि चौदाव्या पानावर लिहिलेलं: नववा थांबा, दोन दिवस सकाळी सात ते नऊ पाहणी केली, खांबापाशी कोणी नव्हतं, थांबा उठवण्यास हरकत नाही.

असं आहे होय, ती मनात म्हणाली. सुरी त्यांची, मूठ माझी. शुक्रवारी अहवाल जाणार, आणि रविवारी चर्चमध्ये माणसं माझ्याकडे बघणार.

ती भांडली नाही. डेनीसला एवढंच म्हणाली, "मंगळवारी सकाळी धड बूट घालून ये. आपण अठ्ठावीसचा रस्ता चालू."

म्हणून हे चालणं. डेनीसलाही संशय होताच. म्हातारी आपल्याला गळ घालायला नेते आहे, हे तिने ओळखलं होतं. सातव्या थांब्यावर ती म्हणालीच, "मिस व्हर्नीस, आकडे माझे नाहीत. जे दिसलं ते लिहिलं."

"कुठून बघितलंत?"

"गाडीत बसून. समोरच्या बाजूला."

"काचा वर करून?"

"थंडी होती."

"हं," म्हणाली व्हर्नीस, आणि चालत राहिली.

नवव्या थांब्यावर पोचल्या तेव्हा सव्वासात झाले होते. खांब होता, त्यावर अठ्ठावीसची पाटी होती, आणि खरोखरच चिटपाखरू नव्हतं. डेनीसच्या भुवया वर गेल्या. व्हर्नीसने खांबाकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ रस्त्याच्या अलीकडच्या लॉन्ड्रीत शिरली. पैसे टाकले की यंत्रं कपडे धुतात, तसलं दुकान.

आत दहाबारा माणसं काचेच्या दाराशी उभी होती. बहुतेक पुरुष, गोदामांत आणि इस्पितळांच्या स्वयंपाकघरांत कामाला जाणारे. यंत्रं मात्र दोनच फिरत होती.

"हे मी लिहिलंय," डेनीस कुजबुजली. "वस्तीत लॉन्ड्र्या कमी पडतात, सकाळी फार गर्दी होते."

"लिहिलंयस ना. वाचलं मी. बघ आता."

गल्ल्यावरून मालक पर्विस ओरडला, "या या, मिस व्हर्नीस! कागदवाल्यांत गेलात म्हणे. आणि ही कोण? पोलिसांची की पालिकेची?"

"कुणाचीच नाही," डेनीस म्हणाली.

"मग पगार कोण देतं, देव?"

माणसं हसली, पण मोकळं नाही. एकाने टोपी खाली ओढली. प्रत्येकाच्या हातावर एक टॉवेल होता, जुना, विटका, एकाच जातीचा. डेनीसची नजर टॉवेलांवरून दाराजवळच्या टोपलीकडे गेली. टोपलीतही तसलेच टॉवेल.

"बस!" कोणीतरी म्हणालं.

टोपलीत टॉवेल पडले आणि माणसं पळाली. ड्रायव्हर नवा होता. रिकामा खांब बघून त्याने वेग कमीसुद्धा केला नाही. पुढच्या लाल दिव्याला बस अडकली म्हणून चौघं कशीबशी चढली. बाकीची परत आली आणि एकेक टॉवेल उचलून पुन्हा उभी राहिली.

"मोजायला आली असेल तर चांगलंय," एक दाढीवाला धापा टाकत म्हणाला. "बस चुकली की परत येऊन उभे, म्हणजे आम्ही रोज दोनदा मोजले जाऊ."

व्हर्नीस डेनीसकडे वळली. "त्या खांबापाशी काळा माणूस दहा मिनिटं उभा राहिला तर पोलिसांची गस्तीची गाडी येते. इथे का उभा, खिशात काय, नाव सांग. तेवढ्यात बस जाते, कामावर खाडा पडतो. आत हातात टॉवेल असला की तो गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला कोण विचारणार? मी होते तेव्हा लांबूनच बसचे दिवे दोनदा उघडझाप करायचे आणि थांबायचे. नव्यांना कोणी सांगितलं नाही."

डेनीसच्या तोंडावरचा सगळा चटपटीतपणा उतरला. "आम्ही गाडीतून हे दार बघत होतो," ती म्हणाली. "दोन दिवस." आणि तिने पिशवीतून वही काढली.

वही दिसताच दाढीवाल्याने पाठ फिरवली. पर्विस गल्ल्यामागून बाहेर आला, त्याने टॉवेलांची टोपली उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"मी चूक सुधारणार आहे," डेनीस म्हणाली. "खरं लिहिणार."

"लिही की," पर्विस म्हणाला. "माझ्या दुकानाचं नाव, टोपली, सगळं लिही. मग पुढच्या आठवड्यात या दारात कोण येऊन उभं राहतं ते आम्ही बघू. थांबा वाचेल गं पोरी. थांबणारे कुठे जातील?"

एकतीस वर्षं जे व्हर्नीसने वरिष्ठांना सांगितलं नाही, ते आज एका वहीवालीला आपल्या पायांनी आणून दाखवलं होतं. आणि ती वहीवाली कोण, हे तिला अजूनही धड ठाऊक नव्हतं.

दोघी बाहेर आल्या. सरोवराकडून वारा येत होता. डेनीसने वही छातीशी धरली होती.

"नुसतं 'माणसं असतात' असं लिहून चालणार नाही, मिस व्हर्नीस. 'कुठे असतात, तुम्ही कुठून मोजली' असं पालिकावाले पहिल्यांदा विचारतील. नाहीतर आमचा आधीचाच आकडा खरा धरतील."

"आणि कुठे ते लिहिलंस तर?"

डेनीसने मागे लॉन्ड्रीच्या दाराकडे बघितलं. निदान खोटं बोलली नाही, व्हर्नीसने मनात नोंद केली.

तिने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत येशूचं नाव घेतलं. बस चालवताना वळणावर बर्फ दिसला की घ्यायची, तसं. विश्वास बसला होता असं नाही. पण शुक्रवार तीन दिवसांवर होता, आणि लिहिणारी हीच होती, दुसरी कोणी नव्हती.

"पोरी, ऐक. नववा थांबा, सकाळी सात ते नऊ, तीस माणसं, असं लिही. कोणी मोजली म्हणून विचारलं तर सांग, व्हर्नीस टॉलिव्हरने. बसच्या स्टिअरिंगमागे बसून, एकतीस वर्षं. खोटं म्हणायचं असेल तर मला बोलवा म्हणावं, मी येईन आणि त्यांच्या तोंडावर शपथ घेईन. माझं नाव पहिल्या पानावरून काढ आणि या आकड्याखाली घाल, हवं तेवढं मोठं घाल. पण त्या दाराचं नाव घेऊ नकोस. एवढं कर माझ्यासाठी."