आमच्या कॉम्प्युटरचं लॉक

हे कुणाला सांगायचं नाही, असं ताईनं मला दोनदा बजावलं होतं. एकदा तोंडी, आणि एकदा माझ्या कंपासपेटीत चिठ्ठी ठेवून. मी तशीही फार बोलत नाही, त्यामुळं तिला काळजी नव्हती. पण न बोलणाऱ्या माणसाकडं गोष्टी साठत जातात. बोलणारे त्या रोजच्या रोज संपवून टाकतात. माझ्याकडं आता इतक्या साठल्यात की लिहिल्याशिवाय जागा होणार नाही.

वाचणारं कुणी आमच्या गावचं, लोहाऱ्याचं असेल तर एवढंच करा. आमचे आप्पा भेटले तर हवापाण्याचं बोला.

ताईनं सिव्हिलचा डिप्लोमा केलाय. मिस्त्री लोक बांधकामाच्या आधी मालकाला दाखवायला तिच्याकडून घराचं थ्रीडी चित्र करून घेतात. ती घर आखते, मग कॉम्प्युटर ते बसून रंगवतो. आमचा कॉम्प्युटर एका घराला चार तास घ्यायचा.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, एसटीवर ड्रायव्हर आहेत. कॉम्प्युटर घरी आला त्या दिवशी त्यांनी हात न लावता तो चारी बाजूंनी बघितला आणि अट घातली. "बंद पडलेल्या गाडीपाशी म्या लई हुबा राहिलोय. घरात तसलं नको. ह्यो डबा एकदा जरी मधीच बंद पडला, तर दुसऱ्या दिवशी काकाच्या झेरॉक्सच्या दुकानात जाईल."

काका तेव्हापासून महिन्यातून एकदा येऊन कॉम्प्युटरची तब्येत विचारून जातात.

*

ताईनं महिनाभर व्हिडिओ बघितले आणि मग मला ओव्हरक्लॉकिंग समजावून सांगितलं.

"प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं इंजिन. कंपनी त्याला एक वेग ठरवून देती. त्याच्यात त्याहून जास्त दम असतोय, पण कंपनी जपून ऱ्हाती. आपण सेटिंगमध्ये जाऊन वेग वाढवायचा. आप्पांच्या गाडीला स्पीडलॉक हाय ना? तसलंच लॉक काढायचं."

"मग पळंल?"

"पळंल. तापंल पण."

"आप्पांना सांगायचं?"

"कुणालाच न्हाय." चिठ्ठी त्याच संध्याकाळी कंपासपेटीत आली.

*

पहिल्या दिवशी तिनं वेगाचा आकडा पस्तीसवरून एकदम पंचेचाळीस केला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. आप्पा ड्यूटीवर होते, म्हणून हे बंद पडणं मोजलं गेलं नाही.

ताई घाबरली नाही, असं ताईचं म्हणणं आहे. तिनं बाजूचा पत्रा खोलला आणि आतला रुपयाएवढा सेल काढून ठेवला. दहा मिनिटं तो बाहेर राहिला की सगळी सेटिंग मूळच्यासारखी होते. पाचव्या मिनिटाला आई आली.

"काय करायलीस?"

"धूळ काढायले."

ताई आपणहून धूळ काढतीय हे दृश्य आईनं पूर्वी पाहिलेलं नव्हतं. ती आत गेली आणि ओलं फडकं, स्टूल घेऊन आली. "वरचे पंखे पण घे मग."

ताईनं तीन पंखे पुसले. त्या महिन्यात सेल सहा वेळा काढावा लागला. आमचं घर दिवाळीतही इतकं स्वच्छ नव्हतं.

*

शेवटी बेचाळीस हा आकडा जमला. ताप मोजायचं काम माझ्याकडं आलं. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसायचं, ते दर पाच मिनिटांनी वहीत लिहायचं आणि नव्वदच्या पुढं गेलं की ताईला हाक मारायची.

एकदा ती वही आईच्या हाती लागली. तिनं वरपासून खालपर्यंत आकडे वाचले. एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, त्र्याऐंशी, सत्त्याण्णव.

"कुणाला ताप आलाय गं?"

मला खोटं बोलायला वेळ लागतो. "कॉम्प्युटरला," मी म्हणाले.

आईकडं घरातला थर्मामीटर असतो आणि त्यावर कुठल्या आकड्याला घाबरायचं हे तिला पक्कं माहीत आहे. "सत्त्याण्णव म्हणजे ताप न्हाय," ती म्हणाली. "उलट अंग गार पडलंय. पांघरूण घाल."

मी ताईला बोलवून आणेपर्यंत कॉम्प्युटरवर चौघडी होती.

*

ताप उतरेना म्हणून ताई रफिकचाचांकडं गेली. चाचा पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देतात. त्यांनी कॉम्प्युटर कधी खोललेला नव्हता, पण ताईचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, मोटार असो का तुझी मशीन. हवा पायजे, बस."

त्यांनी जुन्या कूलरचा पंखा आणला आणि कॉम्प्युटरच्या उघड्या बाजूला तारेनं बांधून दिला. ताप अकरा अंशांनी उतरला. कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. आवाज असा होता की आम्ही एकमेकींशी खुणेनं बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन दारात आल्या. "गिरणी टाकली व्हय? सांगितलं न्हाय ते. जरा बारीक दळा."

आईला त्यांना परत पाठवायची लाज वाटली. तिनं डबा ठेवून घेतला आणि मागच्या दारानं मला तो घेऊन चौकातल्या गिरणीत पाठवलं. मावशी संध्याकाळी पीठ घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सांगून गेल्या, की तुमचं दळण चौकातल्यापेक्षा चांगलं आहे.

*

बेचाळीसवर एक घर चार तासांऐवजी तीन तास वीस मिनिटांत रंगायला लागलं. ताईला हे कुणाला तरी सांगायचंच होतं. तिनं लतीफ मिस्त्रींना सांगितलं, कारण ते आप्पांच्या ओळखीचे नव्हते.

"चाळीस मिनिटं वाचली, मिस्त्री."

मिस्त्रींनी चित्र बघत मान हलवली. "झकास. मालक चार महिन्यांपासून जिना आतून का बाहेरून ते ठरवायलाय. त्याला सांगतो, घाई कर म्हणून."

*

आता शेवटचा किस्सा. हा मे महिन्यातला आहे.

धाराशिवला एका इंजिनिअरच्या ऑफिसात ताईला नोकरी मिळण्यासारखी होती. त्यांनी सांगितलं, आपण घरातून चालत चाललोय असा बंगल्याचा व्हिडिओ करून सोमवारी सकाळी दाखवायला आणा. त्या व्हिडिओला सहाशे चित्रं लागणार होती, लहान आणि साधी, एकेक पाच-सहा मिनिटांत होणारं. पस्तीसवर ती सोमवारची पहिली गाडी निघून गेल्यावर संपली असती. बेचाळीसवर रविवारी रात्री संपणार होती. ताईनं शुक्रवारी दुपारी कॉम्प्युटर लावला आणि आम्ही पाळीपाळीनं त्याच्यापाशी बसलो.

रविवारी दुपारी कूलरच्या पंख्याची वायर जळाली. ताई पंखा सोडवून रफिकचाचांकडं पळाली. जाताना म्हणाली, "काहीच करू नको. नुसतं लिहीत राहा."

पाचशे वीस चित्रं झाली होती. झालेलं चित्र जपून राहतं, त्यामुळं उरलेली ऐंशी आता जुन्या वेगानंही सकाळपर्यंत झाली असती. कॉम्प्युटर फक्त घरात राहायला हवा होता.

मी ब्याण्णव लिहिलं आणि आप्पा आत आले. ड्यूटी लवकर सुटली होती. त्यांनी पिशवी खुंटीला लावली, माझ्याजवळ आले आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर तळहात ठेवला. गाडीच्या बॉनेटवर ठेवतात तसा. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला हात लावला.

"कवापासनं चालूय?"

"परवा दुपारपासून."

"मधी थांबला न्हाय?"

"न्हाय."

त्यांनी हात तसाच ठेवला. "लॉक काढलंय व्हय ह्याचं?"

मी वहीत चौऱ्याण्णव लिहिलं.

"मला आवाज कळतो," आप्पा म्हणाले. "तुझी आई म्हणती धूळ काढायल्यात. इतकी धूळ लोहाऱ्यात न्हाय."

मी सत्त्याण्णव लिहायला घेतलं. पडदा निळा झाला, त्यावर एक रडकं तोंड आलं, आणि मग पडदा काळा झाला. आतले छोटे पंखे फिरायचे थांबले. खोलीत इतकं शांत झालं की बाहेर मावशी ज्वारी पाखडत होत्या ते ऐकू आलं.

आप्पांनी पडद्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी त्यांच्या पायांकडं.

तेवढ्यात ताई दारात आली. हातात पंखा, कपाळावर घाम. तिला आप्पा दिसले आणि त्यांच्या मागचा काळा पडदा दिसला. तिनं पंखा हळूच खाली ठेवला.

"बंद पडला?" तिनं विचारलं.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "म्या केला."

"तुम्ही?"

"तापला व्हता. तापलेली गाडी रेटत न्हाईत. घडीभर निवू दे, मग जुन्याच वेगानं लाव. सकाळी पयल्या गाडीला म्याच हाय, तुझ्यासाठी जागा धरतो."

आप्पांना कॉम्प्युटर चालू कुठून होतो हे माहीत नाही. त्यांच्या ड्यूटीचा तक्ता बघायचा असला तरी ते मला हाक मारतात.

"कुठलं बटण दाबलंत, आप्पा?"

आप्पा पाय धुवायला निघाले होते. दारात थांबले.

"मोठं," ते म्हणाले.

ते गेल्यावर ताई माझ्यासमोर येऊन बसली. माझ्या हातातलं पेन तिनं काढून घेतलं आणि म्हणाली, "खरं सांग, तू इथंच होतीस ना?" मी मोरीकडं बघितलं. तिकडं पाण्याचा आवाज थांबला होता. मग मी ताईला म्हणाले, की आप्पांनी मोठंच बटण

आई हाक मारतीय. काका आलेत, कॉम्प्युटरची तब्येत विचारायला, त्यांना पाणी