तात्यांच्या पायावर घातलेला आळ

हे मी बायकोलासुदिक सांगितलेलं न्हाई. तुमाला का सांगतोय — ते मलाबी धड ठाऊक न्हाई.

उरवड्यात माझं गॅरेज हाय. भुकूमच्या एका सोसायटीचं गवत कापायचं यंत्र माझ्याकडंच दुरुस्तीला असतं — बसून चालवायचं, छोट्या ट्रॅक्टरसारखं. ते तात्या चालवायचे. ती जमीन मूळ त्यांचीच. विकताना त्यांनी येवढंच मागून घेतलं, की हितलं काम मला द्या, म्हंजी रोज रानात येता यील. एका कोपऱ्यात त्यांचा बैल पुरलाय. तितं आले की यंत्र हळू घ्यायचे. सगळ्यांनी बघितलेलं.

चढाला इंजिन गुरगुरायचं, पण यंत्र पुढं सरकंना. मी चाकाकडं जाणारा पट्टा बदलला. आठ दिवसांत जळाला. दुसरा घातला — तोबी गेला. सोसायटीचा मॅनेजर डोक्यावर उभा. मी खाली वाकलो अन् दिसलं — पट्टा निसटू नये म्हणून एक सळई असती, तिच्या आतून तो घ्यायचा, मी बाहेरून घेतलेला. दोन्ही येळा. सळईला घासून जळत होता. वीस वर्षं हातात पाना धरलेला माणूस मी.

काय बोलाया पायजे होतं? चुकलं माझं — येवढंच ना? मी म्हणालो, “तात्या क्लचवर पाय ठेवून चालवत्यात, म्हणून पट्टा घसरून जळतोय. त्या कोपऱ्यात तर बघाच.”

तात्या शेजारीच होते. “न्हाई ओ सायेब, पाय न्हाई ठेवत मी,” येवढंच बोलले. त्यांना कामावरनं काढलं.

मग मी नवा पट्टा गुपचूप आतून घेतला. दुसरा माणूस यंत्रावर बसला अन् तो पट्टा वर्षभर टिकला. झालं. तात्यांचाच पाय वाईट, हे सगळ्यांना पटलं. आता त्यांना गेटातनं आत सोडत न्हाईत.

भ्यालो होतो म्हणू? कशाला — एक गिऱ्हाईक गेलं असतं, बास. मिस्त्री म्हणवून घेतो, त्याची लाज वाटली. त्या लाजंपायी म्हाताऱ्याला त्याच्या रानापासनं तोडलं मी.

परवा पौडात भेटले. माझा चहा त्यांनीच सांगितला. म्हणाले, “लई इचार केला मिस्त्री. बैलापाशी आलं की पाय जात असंल माझा. मलाच कळलं नसंल. तुझं बरोबर हुतं.”

मी चहा पीत होतो. म्हणालो, “व्हतं असं तात्या, वय झालं की.”