अंग ओलं असतानाच

माझी मावशी बेचाळिसाव्या वर्षी बत्तीसची दिसायची आणि गिऱ्हाइकांना तेवढंच वय सांगायची. तिचं दोन खुर्च्यांचं ब्यूटी पार्लर होतं. तिच्याकडे जादू वगैरे काही नव्हती, चार सवयी होत्या. चेहरा कोमट पाण्याने धुवायचा आणि टॉवेलने घासायचा नाही, नुसता टिपायचा. अंग ओलं असतानाच क्रीम लावायचं. बाहेर ढग असले तरी सनस्क्रीन लावूनच निघायचं, तेही मानेला आणि हातांच्या पाठीलासुद्धा. "चेहऱ्यावरचं वय लपवाल हो, पण हात चहाडी करतात," असं ती प्रत्येकीला ऐकवायची.

आई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. आजोबा गेले तेव्हा आईने शाळा सोडली आणि ती बेकरीत कामाला लागली. त्यामुळेच मावशी शिकली. तीसहून जास्त वर्षं भट्टीसमोर उभं राहून आईचा चेहरा काळवंडला होता, ओठ कायम फुटलेले, मनगटांवर गरम ट्रे लागल्याचे आडवे डाग. मावशी क्रीमच्या बाटल्या आणून द्यायची. आई हसायची. "अगं चिमणे, मी रोज भाजूनच निघते. मला क्रीम कसलं लावतेस? लोणी लाव, खरपूस होईन!"

मग मावशीने मोठी जागा घेतली. उद्घाटनाच्या दिवशी आई बेकरीतली पाळी संपवून तशीच आली, केसांत पीठ आणि हातात बिस्किटांचा खोका. नव्यानेच आलेल्या एका गिऱ्हाईक बाईने कौतुकाने मावशीला विचारलं, "या तुमच्या आई का?"

मी आईच्या शेजारीच उभी होते. मावशीने एकदा आईकडे पाहिलं. मोठी बहीण म्हटलं असतं तर सांगितलेल्या वयाचं बिंग फुटलं असतं.

"हो," ती त्या बाईला म्हणाली. "या ना, आत बसा."

आईने खोका खुर्चीवर ठेवला आणि ती बाहेर पडली. घरी आल्यावर आरशासमोर उभी राहिली, गालावरून हात फिरवला. "त्या बाईची काय चूक? दिसतेच मी तशी," म्हणाली. मग केसांतलं पीठ झटकता झटकता, "पण ही 'हो' म्हणाली गं."

मावशी दोनदा माफी मागायला आली. आईने दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा मावशी आली नाही. दोघीही एकाच मातीच्या, हट्टी. पाच वर्षं तशीच गेली.

एके सकाळी बेकरीतच आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा तिच्या पाठीवर, खाली माकडहाडाशी, पडून पडून लाल चट्टा उठला होता. मी घाबरून मावशीला फोन केला. पंधरा मिनिटांत ती दारात हजर.

तिला पाहताच आईने तोंड भिंतीकडे वळवलं. तेवढं तिला जमत होतं. मावशी मान खाली घालून म्हणाली, "ताई, माझ्याकडे नको बघूस. मला फक्त तुझी पाठ बघू दे."

त्या दिवसापासून पार्लर उघडण्याआधी ती रोज यायची. मऊ फडकं पिळून आईचं अंग पुसायची, टिपायची, लगेच क्रीम लावायची. चट्टा चोळायचा नाही, त्यावर भार येऊ द्यायचा नाही, हे डॉक्टरांना विचारून आली होती. चादरीला एक सुरकुती पडलेली तिला खपत नसे. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणून तिने माझ्यासाठी वेळा लिहून कागद भिंतीला चिकटवला. आणि तोंडाची टकळी चालूच. "नवी मुलगी ठेवलीय ना ताई, तिने काल एकीची अर्धी भुवईच उडवली." आई भिंतीकडे बघत पडून राहायची.

चट्टा आठवड्याभरात गेला, पुन्हा उठला नाही. ओठ फुटायचे थांबले. आयुष्यात पहिल्यांदा आईच्या अंगाची रोज कुणीतरी निगा राखत होतं. पण ते तिला हवं होतं की नको, हे कळायला मार्ग नव्हता.

अकराव्या महिन्यात एका सकाळी आईने डावा हात उचलला आणि मावशीच्या मनगटावर ठेवला. मावशी जागच्या जागी थिजली. "काय गं ताई? काय हवंय?" आई तिच्याकडे पाहत राहिली. तो हात मावशीला धरत होता की दूर सारत होता, मलाही सांगता आलं नसतं. मग तो निसटून चादरीवर पडला.

नऊ दिवसांनी दुसरा झटका आला आणि आई गेली. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, "इतके महिने अंथरुणावर, आणि पाठीवर साधी जखम नाही. फार जपलंत हो." मी मावशीकडे बोट दाखवलं. ती कोपऱ्यात उभी राहून बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती.

परवा मी तिला म्हटलं, "मावशी, आईने तुझा हात धरला होता."

"तू तसंच म्हणणार," ती म्हणाली. "ढकलला असेल तरी असू दे. तेवढी ताकद होती गं तिच्यात त्या दिवशी."