त्याच्या जागी

लग्नाला आठवडा राहिला होता. माझी लेक नेहा टीपॉय भिंतीशी सरकवून रिसेप्शनच्या नाचाचा सराव करत होती. होणारा जावई बोटीवर नोकरीला, तो आदल्या दिवशी पोचणार. म्हणून ती एकटीच नाचत होती. एक हात समोर नसलेल्या माणसाच्या खांद्यावर, दुसरा हवेत त्याच्या हातात दिलेला. मी मटार सोलत बघत होते.

येणाऱ्या माणसाची रिकामी जागा किती भरलेली दिसते. तिचे हात हवेत होते, पण चेहरा हसत होता. नेहाचे बाबा गेल्यापासून झोपेत माझाही हात शेजारच्या उशीकडे जातो. तिथंही हवाच असते. पण तिथं आता कुणी यायचं नसतं.

"आई, जरा त्याच्या जागी उभी राहतेस? गिरकीनंतर तोल जातोय माझा."

"मला कुठं येतं नाचायला?"

"तुला काही करायचं नाही. नुसती उभी राहा."

मी हात पुसून उभी राहिले. तिनं फोनवर गाणं लावलं, गिरकी घेतली आणि शेवटी ठरल्याप्रमाणे माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. वर्षभरात माझ्या इतक्या जवळ कुणी आलं नव्हतं. गाणं संपलं, तरी माझे हात तिच्या पाठीवरून सुटेनात.

"आई, संपलं गाणं," ती म्हणाली. मग तिला माझा हुंदका कळला असावा. टेबलावरचा फोन चाचपून तिनं तेच गाणं पुन्हा लावलं. या वेळी ती नाचली नाही. आम्ही तशाच उभ्या राहिलो.