व्होल्टेज आलं की वाटू

मंडळी, आज दुपारी जुन्या कात्रज घाटात माझी इलेक्ट्रिक गाडी चक्क धापा टाकायला लागली.

साताऱ्याहून येताना वाटेत चार्ज करायचा मी कंटाळा केला होता. बॅटरी तळाला गेलेली आणि समोर चढ. कितीही पेडल दाबा, गाडीबाई आपल्या बैलगाडीच्या चालीनं. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले.

शेजारी आई बसली होती. तिला सांगितलं, बॅटरी उतरली की व्होल्टेजही उतरतं, मग मोटरला हवा तेवढा जोर मिळत नाही.

"म्हणजे आपल्या धायरीसारखंच की!" आई म्हणाली.

आणि मी थेट नव्वदच्या दशकात. धायरीत तेव्हा घरं भराभर वाढली, वीज मात्र होती तेवढीच. संध्याकाळी फिरत्या पंख्याची पाती मोजता यायची. चटणीचं खोबरं मिक्सरमध्ये घालून आई आधी बल्बकडे बघायची. बल्ब तांबूस दिसला की बटणाला हात लावायचा नाही, मोटर जळेल.

"व्होल्टेज आलं की वाटू."

आम्ही भावंडं ताटात इडल्या घेऊन बल्बकडे बघत बसायचो. तो उजळला की एकच ओरडा, "आई, लाव!"

आठवून हसत हसत, कसाबसा घाट चढून दोघी घरी पोचलो. नेमकी लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर आई कठडा धरून थांबली. मी हात पुढे केला.

"तू हो पुढे. व्होल्टेज आलं की येते."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. इडल्या घेऊन बसायचे, तशीच.

तुमच्या घरी बल्बकडे कोण बघायचं हो?