काकांचा न मागितलेला टॅक्स

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आम्ही राहायचो त्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर नागपूरचे एक काका-काकू होते. काका चिप डिझाइनमधले इंजिनीअर, रिटायरमेंटला आलेले. दोन हजार सहाच्या सुमारास त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली, तिचं इंजिन काढून टाकलं आणि तिच्या पोटात बॅटऱ्या भरल्या. चार्जिंगची वायर काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर जायची. "गाडी जेवायला बसली की माझा मिक्सर उपाशी," असं काकू म्हणायच्या.

काकांना त्या गाडीचा भारी अभिमान. आणि माझ्या नवऱ्याला पुण्याहून येताना सोबत आणलेली एक खोड होती: कोणाला कशाचा अभिमान दिसला की त्याला टाचणी लावायची.

एका शनिवारी काकूंकडे जेवताना त्याने विषय काढलाच. "काका, आम्ही आमच्या व्हॅनमध्ये गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, भरतो तेव्हा प्रत्येक गॅलनमागे टॅक्स देतो. त्यातून रस्ते होतात. तुम्ही पंपावर जातच नाही. म्हणजे तुम्ही आमच्या रस्त्यावर फुकट गाडी चालवता."

काकांचा घास हातातच राहिला. "फुकट? अरे, मी धूर सोडत नाही, त्याचं काय?"

"धुराने खड्डे पडत नाहीत. तुमच्या बॅटऱ्यांच्या वजनाने पडतात. तुमच्याकडून मैलामागे पैसे घ्यायला हवेत."

"आणि मैल कोण मोजणार? सरकार माझ्या गाडीत बसणार? मी कुठे जातो हे मी बायकोलाही सांगत नाही."

"जाता कुठे?" काकू आमटी वाढत म्हणाल्या. "इंडियन ग्रोसरीच्या पुढे गेली आहे का ती कधी?"

आम्ही हसलो. काका मात्र हसले नाहीत. हात धुताना ते नवऱ्याला म्हणाले, "मी काय फुकट्या वाटून राहिलो तुला? भरतो टॅक्स. सोमवारी चल माझ्यासोबत."

सोमवारी आम्ही खरंच डीएमव्हीत, म्हणजे तिथल्या आरटीओत, गेलो. मला लायसन्सचं काम होतं आणि काकांना साक्षीदार हवा होता, म्हणून नवऱ्याने ऑफिसला उशिरा येतो असं कळवलं. माझं काम आटोपलं आणि काका खिडकीपाशी गेले. आतल्या बाईंना म्हणाले, "मला रस्त्याचा टॅक्स भरायचाय."

"दंड आहे का?"

"नाही."

"मग थकबाकी?"

"नाही. माझ्याकडे कोणी मागितलेलाच नाही."

बाईंनी चष्मा काढला. "मग सर, तुम्ही इथे का आलात?"

काकांनी गॅस टॅक्सपासून सगळं समजावलं. बाई शेजारच्या खिडकीवर विचारून आल्या. त्या बाईंनी तिसरीला विचारलं. शेवटी, असे पैसे घ्यायची सोय नाही, असं हसून सांगून त्यांनी पुढचा नंबर पुकारला. नवरा इतका वेळ हसू दाबत होता, पार्किंगमध्ये आल्यावर त्याला खाली बसावं लागलं.

काका गाडीकडे चालू लागले. मला वाटलं, मिटला विषय. पण शनिवारी सकाळी बाहेर धप्प धप्प आवाज आला म्हणून डोकावले, तर काका! आमच्या इमारतीमागच्या गल्लीत एक मोठा खड्डा होता. काकांनी हार्डवेअरच्या दुकानातून डांबर-खडीची पिशवी आणून त्यात ओतली होती आणि लाकडी ठोकळ्याने ती ठोकत होते.

"भरून राहिलो टॅक्स," मला बघून ते म्हणाले. "थेट रस्त्यालाच."

नवरा चहाचा कप घेऊन खाली आला. "काका, हा रस्ता सरकारचा नाहीच! अपार्टमेंटवाल्यांचा आहे. तुमचा टॅक्स चुकीच्या खात्यात गेला."

काकांनी ठोकळा खाली ठेवला. इतक्यात अपार्टमेंटची मॅनेजर बाई आली. तिने खड्डा पाहिला, काकांना पाहिलं, पुन्हा खड्डा पाहिला. आता काका बोलणी खाणार, असं मला वाटलं.

"हे माझं काम आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पिशवीत अजून उरलंय का? कचऱ्याच्या डब्यापाशी अजून एक आहे."

काकांनी ठोकळा उचलला आणि माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. "तुझी व्हॅन रोज तिथूनच जाते. कप दे इकडे."

दुसरा खड्डा नवऱ्याने ठोकला. काका उरलेला चहा पीत, कुठे उंचवटा राहिलाय ते बोटाने दाखवत उभे होते. त्या दिवशी जेवायला दीड वाजला. दोघांच्या हातांचं डांबर साबणाने काही निघेना, तेव्हा काकूंनी वाटीत गोडेतेल दिलं आणि दोघं सिंकपाशी उभे राहून एकमेकांची कोपरं घासत राहिले.