सी विंगच्या भेगा

मेघना तरे माझी शाळेपासूनची मैत्रीण. राहते नौपाड्यात, पण मूळची बाळकुमची. आजोबा मिठागरात राबले, चुलते दगडूकाका जमिनी विकून गब्बर झाले आणि ही निघाली शास्त्रज्ञ. भिंतीवरच्या भेगांचे फोटो कॉम्प्युटरला दाखवायचे. भेग केसभर वाढली तरी तो ओळखतो. त्यावरून इमारतीखालची माती किती दबतेय, पुढे किती दबेल, याचं मॉडेल बनवायचं. हे तिचं काम. बोलताना ती कधी हसत नाही, आणि पाहुणचार तर तिला मुळीच जमत नाही.

अभ्यासाला तिने घरचीच जागा निवडली, हे चुकलंच. बाळकुमची ही सोसायटी काकांनी विकलेल्या जमिनीवरची, चेअरमनही काका, आणि राहायलाही तिथेच, सी विंगमध्ये. वर भराव, खाली खाडीकाठच्या खाजणाचा चिखल. वर्षभर दर पहिल्या रविवारी ती ट्रायपॉड खांद्यावर टाकून जायची आणि सी विंगच्या प्रत्येक भेगेचा त्याच जागेवरून फोटो काढायची. सी विंग एका अंगाने खचत होती. शेवटचे फोटो झाले की अहवाल सोसायटीच्या सभेत मांडायचा. माणसं बाहेर काढायची की नाही, ते तिथे ठरणार होतं.

त्या शेवटच्या रविवारी मीही गेले होते. बघतो तर सगळ्या भेगा पुट्टीने बुजवलेल्या, वर ताजा पिस्ता रंग! पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे भिंती रंगवतात. इथे कॅमेरा येणार म्हणून रंगवल्या.

"काका, हे काय केलंस?" मेघनाने जिन्यात उभ्या काकांना विचारलं.

"फोटू चांगला येल ना गो! भेगा दिसल्या का लोका घरांचा भाव पारतान."

सभेत मेघनाने आधीचे फोटो एकामागून एक दाखवले. काका म्हणाले, "जुना जाऊं दे. आताचा दाखव." तिने नवे फोटो कॉम्प्युटरला दिले. त्याने इमानदारीत उत्तर दिलं, भेगा शून्य. लोक खो खो हसले. बँकेत, आयटीत जाणारे, पोरांना सायन्सच्या क्लासला घालणारे लोक! झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. सोसायटीची बदनामी केली म्हणून मेघनाला आत येऊ द्यायचं नाही, असा ठराव झाला. हात वर करणाऱ्यांची तोंडं बघून मला शिसारी आली.

चार महिन्यांनी काकांच्या घोडबंदरच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. पंगतीत मेघनाने विचारलं, "मग सी विंगचं घर?"

"भाऱ्यानं दिला. आंबिवलीची मानसा हायेत, पोराबालावाली."

"भाड्याने? आणि कमिटीतले बाकीचे?"

"तेनी पन भारोत्री ठेवल्यान." काकांनी तिच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. "तुजा अहवाल मी दोनदा वाचला गो. हुशार हायेस तू."

मेघना भरल्या ताटावरून उठली.

आम्ही रिक्षाने तडक बाळकुमला गेलो. वॉचमनने गेटवर अडवलं. मेघना रस्त्यावरूनच ओरडायला लागली, "ताई, घर सोडा! खाली जमीन खचतेय!"

दुसऱ्या मजल्यावर एक बाई कडेवरचं पोर घेऊन खिडकीत आली. तिने मेघनाकडे पाहिलं, मग भिंतीच्या कोऱ्या पिस्ता रंगाकडे, आणि खिडकी लावून घेतली.